हॅक्नीचे हिरे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘पाश्चात्त्य संगीत : एक ओळख’ असा विषय छापलेला आहे. तो कार्यवाहांनी ठरविला. आम्ही केवळ मान डोलाविली होती. पुढे टिपणे काढावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, हा विषय एका सायंकाळी उरकणे म्हणजे समोरची ब्रह्मपुत्रा तांब्यात भरण्यासारखे आहे. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसास एवढे मात्र पक्के ठाऊक असते की, विषय आवाक्याबाहेरचा असला म्हणजे त्यातील एकच प्रकरण उचलावे आणि तेवढ्यावर टिप्पणी लिहून मोकळे व्हावे. म्हणून आज आम्ही एकाच इंग्रज वाद्यवृंदाच्या एकाच ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहोत. वाद्यवृंदाचे नाव ‘द रोलिंग स्टोन्स’ आणि ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘हॅक्नी डायमंड्स’. ती २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध झाली.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील, तर उत्तर सोपे आहे : काही नाही. आम्ही इतिहास घेऊन बी.ए. झालो. आमच्या घरी रेडिओवर नाट्यगीते आणि भक्तिगीते लागत. ज्यास ‘रॉक’ म्हणतात ते संगीत कॉलेजच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतून भिंतीपलीकडून ऐकू येई आणि आम्ही भिंतीवर मूठ आपटीत असू. ती मूठ उघडावयास पुढे पस्तीस वर्षे लागली.

झाले असे की, २०२२ साली आमची बदली शिलाँगला झाली. लायतुम्ख्रा भागात आम्ही एका पत्र्याच्या छपराच्या जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. घर अर्थातच घरमालकीणबाईंच्या नावे होते. खासी लोकांत वडिलोपार्जित घर लेकीकडे जाते, तेही धाकट्या लेकीकडे. बाईंना सारे ‘काँग’ म्हणत आणि त्यांच्या यजमानांना ‘बाह’. हे बाह म्हणजे सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक. शिलाँगात गिटार ही घरोघरी आढळणारी वस्तू आहे. आपल्याकडे एके काळी पेटी असे, तशी. तरुणपणी बाह चर्चमध्येही वाजवीत आणि शनिवारी नाचाच्या कार्यक्रमातही. २०२३ च्या हिवाळ्यात, पावसापेक्षा थंडीने छप्पर कुरकुरू लागले तेव्हा, एके संध्याकाळी त्यांनी आम्हांला खाली शेकोटीपाशी बोलाविले आणि म्हणाले, “माझ्याहून थोरल्यांनी नवी गाणी केली आहेत, ऐका.” आम्ही शिष्टाचार म्हणून बसलो आणि पाऊण तास उठलो नाही.

आता प्रथम नावाचा उलगडा करू. हॅक्नी हा पूर्व लंडनचा भाग, पूर्वीचा कष्टकऱ्यांचा. रात्री कोणी मोटारीची वा दुकानाची काच फोडून माल पळविला म्हणजे सकाळी रस्त्यावर काचांचे तुकडे चमकताना दिसतात. त्या तुकड्यांना लंडनच्या बोलीत ‘हॅक्नीचे हिरे’ म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील ‘हॅक्नी गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्रात काचा बसवून देणाऱ्या एका दुकानाची छोटीशी जाहिरात आली. दुकानाचे नाव ‘हॅक्नी डायमंड्स’, स्थापना १९६२. मजकुरात या मंडळींच्या जुन्या गाण्यांची नावे बेमालूम पेरलेली होती. असले दुकान अस्तित्वात नव्हते. जाणत्यांनी १९६२ हा आकडा पाहिला आणि काय ते ओळखले. पुढे ६ सप्टेंबरला हॅक्नीतीलच ‘हॅक्नी एम्पायर’ या जुन्या नाट्यगृहात त्रिवर्गांनी रीतसर घोषणा केली. मिक जॅगर, वय ८०. कीथ रिचर्ड्स, ऐंशीला तीन महिने कमी. रॉनी वुड, वय ७६, म्हणजे त्यांच्यातील बाळ. आमच्या खात्यात या वयाची माणसे वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावयास येतात.

नव्या गाण्यांची त्यांची याआधीची ध्वनिमुद्रिका २००५ साली आलेली. मध्ये अठरा वर्षे गेली. या काळात त्यांनी जगभर दौरे केले, २०१६ साली दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांचा एक संच काढला, तोही तीन दिवसांत ध्वनिमुद्रित करून. परंतु स्वतःच्या नव्या गाण्यांचे काम सुरू होई आणि बासनात जाई. सरकारी कार्यालयातच फाइली अडतात हा समज किती अन्यायाचा आहे ते येथे दिसते. अखेर जॅगरने दटावून मुदत घातली : २०२३ च्या व्हॅलेंटाइन दिनापर्यंत काम संपलेच पाहिजे. सोबतीस अँड्र्यू वॉट नावाचा निर्माता घेतला. त्याचे वय तेव्हा अवघे ३२. ही मंडळी प्रसिद्धीस आली तेव्हा त्याचे आईवडीलही लहान असतील. नातवाच्या वयाच्या मुलाने आजोबांना कामास लावावे, तसे त्याने त्यांना लावले.

पण केवळ आळस हे या अठरा वर्षांचे कारण नव्हते आणि मुदत घालण्यामागेही केवळ वय नव्हते. २४ ऑगस्ट २०२१ रोजी त्यांचा ड्रमवादक चार्ली वॉट्स वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवर्तला.

या चार्ली वॉट्सविषयी चार शब्द अधिक बोलले पाहिजेत. जानेवारी १९६३ मध्ये तो या वृंदात आला तो मरेपर्यंत तेथेच राहिला. त्याआधी जाहिरात कंपनीत चित्रकाराचे काम करी. त्याला प्रेम होते ते जाझ नावाच्या संगीताचे. सोबतचे लोक भडक कपड्यांत नाचत, हा मात्र बेतशीर शिवलेल्या कोटात बसून, तोंडावरची सुरकुतीही न हलविता, ठेका धरी. त्याच्या हातात एक खुबी होती. ड्रमवादकाच्या डाव्या बाजूस दोन लहान झांजा एकावर एक बसविलेल्या असतात. उजव्या हाताने त्यांवर सारखी बारीक लय चालू असते. मधल्या ढोलावर जोरकस घाव घालावयाचा तेव्हाही बहुतेक वादक झांजेवरचा हात चालूच ठेवतात. वॉट्स नेमका त्या क्षणी झांजेवरची काठी उचलून घेई. घाव एकटा पडे. त्याच्याभोवती किंचित मोकळी जागा राही. त्या मोकळ्या जागेत या वृंदाची सारी ऐट आहे, असे आमचे मत झाले आहे.

दुसरी गोष्ट अशी की, सामान्यतः अशा वृंदात सारे जण ड्रमवादकाच्या मागे चालतात. येथे उलट रीत होती. कीथ रिचर्ड्सची गिटार पुढे चाले आणि चार्ली तिच्या मागोमाग. रिचर्ड्सची गिटारही आडवळणाची. सहा तारांपैकी सर्वांत जाड तार तो काढून टाकतो आणि उरलेल्या पाच अशा लावतो की, नुसत्या छेडल्या तरी सुसंवादी स्वर निघावेत. तो चाल टाकतो, ड्रमवादक ती ऐकून पाऊल उचलतो. तेवढा निमिषार्ध उशीर होतो आणि गाणे अंमळ मागे रेलल्यासारखे वाटते. ज्यांनी ठुमरीची वा नाट्यपदाची संगत ऐकली आहे, त्यांना हे समजावून सांगावयास नको. गवई कुठे थांबणार, कुठे समेवर उडी घेणार, हे ओळखून चालणारा तबलजी आणि घड्याळासारखा वाजविणारा तबलजी यांतला फरक आपण सारे जाणतो.

आपल्या मंडळालाही असा एक तबलजी होता. नाव घेत नाही, कारण घेतले तर या सभागृहातील निम्म्या भगिनी पदर डोळ्यांना लावतील. मुले त्यांना तबलाकाका म्हणत. २०११ साली आम्ही प्रथम येथे बदलून आलो तेव्हा गणेशोत्सवात त्यांची धुमाळी ऐकली आणि कुटुंबास म्हणालो, “आता या गावी चार वर्षे निघतील.” २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले, आम्ही तेव्हा शिलाँगला होतो. २०२४ मध्ये परत आलो तो कळले की, दिवाळीची नाट्यसंगीताची सभा दोन वर्षे झालेली नाही. आयुष्यभर ज्यांनी एका ठेक्यावर पदे म्हटली ते गायक दुसऱ्या ठेक्यावर गाण्यास नाखूष होते. सुवर्णमहोत्सवात ती सभा व्हावी की न व्हावी, आणि झाली तर कशी, यावर कार्यकारिणीच्या तीन बैठका खर्ची पडल्या, हे सर्वांस विदित आहेच. त्याकडे पुढे येऊ. आता गाण्यांकडे वळू.

ध्वनिमुद्रिकेत एकूण बारा गाणी आहेत. पहिले ‘अँग्री’. रुसलेल्या प्रेयसीची समजूत घालणारा नायक त्यात आहे. गिटारची सुरुवात झणझणीत. पण खरे सांगावयाचे तर हे आणि यापुढची दोन-तीन गाणी ऐकताना काचेवर फार पॉलिश झाल्यासारखे वाटते. सारे स्वर एकसारखे पुढे येतात, कोपऱ्यात कोणी बसलेलेच नाही. तरुण निर्मात्याचा हा हात असावा. ‘डिपेंडिंग ऑन यू’ हे संथ गाणे. प्रेम गमावलेल्या, आणि नवे गमावण्यास आता वय नाही अशा माणसाचे. चाल गोड आहे, शब्द मात्र शंभरदा वापरलेल्या नाण्यांसारखे गुळगुळीत. ‘बाइट माय हेड ऑफ’ या गाण्यात बास गिटार वाजविली आहे ती पॉल मॅकार्टनीने. होय, बीटल्सचा. साठ वर्षांपूर्वी वृत्तपत्रांनी ज्यांना एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे केले, त्यांतला एक ऐंशीच्या घरात दुसऱ्यांकडे वाजवावयास आला आणि पोरासारखा खडखडाट करून गेला. गाण्यापेक्षा आम्हांला ही घटना अधिक आवडली.

‘होल वाइड वर्ल्ड’ या गाण्यात जॅगर लंडनमधील तरुणपणाचे दिवस आठवतो, एका गलिच्छ बिऱ्हाडाचा उल्लेख करतो. १९६२-६३ च्या सुमारास जॅगर, रिचर्ड्स आणि वृंदाचा संस्थापक ब्रायन जोन्स हे तिघे लंडनमध्ये एकत्र राहत असत आणि ती जागा किती घाणेरडी होती याची वर्णने त्यांनी स्वतःच केली आहेत. आपल्यापैकी ज्यांनी नोकरीची पहिली वर्षे परगावी एका खोलीत चौघांनी स्टोव्हवर पिठले करीत काढली, त्यांना गाण्याचा अर्थ लावावयास कोश लागणार नाही. ‘ड्रीमी स्काइज’ मध्ये एक थकलेला माणूस शहर सोडून दूर कोठे तरी, जुना रेडिओ आणि लाकडे फोडण्याचे काम एवढ्यावर दिवस काढू इच्छितो. शिलाँगच्या शेकोटीपुढे हे गाणे फारच शोभले. ‘टेल मी स्ट्रेट’ हे एकच गाणे रिचर्ड्स गातो. त्याचा गळा चिरकलेला, स्वर अंधूक. आणि प्रश्न असा की, पुढे काही उरले आहे की सारे मागेच राहिले. उत्तर तो मागतो, देत नाही. दोन-तीन गाणी आम्ही मुद्दाम वगळतो; ती नसती तरी ध्वनिमुद्रिकेचे काही बिघडले नसते.

‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ मात्र वगळता येत नाही. सात मिनिटांहून मोठे हे गाणे चर्चमधील कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भजनाच्या ढंगाने उठते. जॅगरबरोबर लेडी गागा ही आजच्या पिढीची गायिका आहे आणि पियानो व तत्सम वाद्यांवर स्टीव्ही वंडर, जो १९७२ साली या मंडळींच्या अमेरिकन दौऱ्यात त्यांच्याआधी गात असे. गाणे चढत चढत जाते, संपते. वाद्ये थांबतात. आपण उठावयास लागतो, आणि कोणी तरी पुन्हा हलकेच स्वर छेडतो, गायिका गुणगुणू लागते, ड्रम जागा होतो, आणि दुसऱ्यांदा सारे उभे राहते. भैरवी झाल्यावर श्रोत्यांनी अडवून धरावे आणि गवयाने पुन्हा तंबोरा जुळवावा, तसा हा प्रकार आहे. ऐंशी वर्षांच्या गळ्यातून शेवटी जो उंच स्वर निघतो तो ऐकून बाहांनी टोपी काढली होती.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच मांडला त्या तीन गाण्यांकडे येतो.

‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’ या दोन गाण्यांत ड्रम चार्ली वॉट्सचा आहे. २०१९ साली त्याने ही दोन गाणी वाजवून ठेविली होती. दुसऱ्या गाण्यासाठी बास गिटारवर बिल वायमनला बोलाविले. हा १९९३ साली वृंद सोडून गेला होता आणि या कामाच्या वेळी त्याचे वय ८६ होते. तीस वर्षे चार्ली आणि बिल शेजारी शेजारी वाजवीत. या गाण्यात ते पुन्हा एकत्र वाजवितात. ड्रम वाजविला तेव्हा वाजविणारा जिवंत होता. बास वाजविली तेव्हा तो नव्हता. वायमनने कानास यंत्र लावून गेलेल्या मित्राचा ठेका ऐकला आणि त्याच्याशी पूर्वीसारखी संगत केली. त्या खोलीत त्या वेळी काय झाले असेल याची कल्पना करावी. गाणे मात्र शोकाचे नाही, चांगले दणकेबाज आहे, आणि एल्टन जॉन त्यात पियानो बडवतो.

इतर गाण्यांत ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन आहे, न्यूयॉर्कचा कृष्णवर्णीय वादक. हा परका नव्हे. १९८८ पासून रिचर्ड्सच्या स्वतंत्र उपक्रमांत त्याची साथ करीत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये आजारपणामुळे चार्लीला दौऱ्यावर जाणे अशक्य झाले तेव्हा जॉर्डनचे नाव त्याच्याच संमतीने जाहीर झाले. रिचर्ड्स सांगतो की, आपल्याला कधी जमले नाही तर जॉर्डनला घ्या, असे चार्लीनेच पूर्वी सांगून ठेविले होते. जॉर्डनचा हात चार्लीसारखा नाही. तो अधिक भरीव, अधिक तंतोतंत वाजवितो. घावाभोवतीची ती मोकळी जागा कमी आहे. पहिल्या ऐकण्यात आम्हांला हे खटकले. तीन-चार वेळा ऐकल्यावर खटकेनासे झाले. त्याने चार्लीची नक्कल केली असती तर अधिक खटकले असते.

तिसरे गाणे शेवटचे. त्याचे नाव ‘रोलिंग स्टोन ब्लूज’. त्यात ड्रम नाही, पाहुणे नाहीत, पॉलिशही नाही. एक गिटार, एक माउथ ऑर्गन आणि एक गळा. रिचर्ड्स आणि जॅगर, दोघेच. गाणेही त्यांचे नव्हे. ते मडी वॉटर्सचे.

मडी वॉटर्स हा अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातला कृष्णवर्णीय गायक. स्टोव्हल नावाच्या मळ्यावर कापसाच्या शेतात राबणारा. १९४१ साली अमेरिकेच्या संसद-ग्रंथालयातर्फे ॲलन लोमॅक्स नावाचा संशोधक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन त्या मळ्यावर गेला आणि याचा आवाज टिपून आला. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकल्यावर याला वाटले, आपणही गवई आहो. १९४३ साली त्याने गाव सोडले आणि उत्तरेस शिकागोचा रस्ता धरला. त्या काळात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय माणसे कामासाठी, आणि माणसासारखे जगता यावे यासाठी, उत्तरेतील शहरांकडे निघाली होती. दिवसा मजुरी, रात्री गाणे. परंतु शिकागोच्या गुत्त्यांत एवढा कलकलाट असे की, गावाकडची साधी गिटार कोणास ऐकू जाईना. म्हणून त्याने विजेवर चालणारी गिटार घेतली. गाणी गावाकडचीच राहिली, आवाज शहराचा झाला. १९५० साली चेस नावाच्या शिकागोतील कंपनीने त्याची ‘रोलिंन् स्टोन’ ही तबकडी काढली. मूळ चाल त्याच्याही आधीची, मिसिसिपीच्या काठी मौखिक परंपरेने आलेली.

ही तबकडी आणि तिची भावंडे समुद्र ओलांडून इंग्लंडात गेली. लंडनजवळच्या डार्टफर्ड स्थानकावर ऑक्टोबर १९६१ मध्ये दोन तरुण समोरासमोर आले. लहानपणी एका शाळेत होते, मध्यंतरी भेट नव्हती. एकाच्या काखेत शिकागोहून टपालाने मागविलेल्या मडी वॉटर्स आणि चक बेरी यांच्या तबकड्या होत्या. दुसऱ्याने त्या पाहिल्या. तबकड्यांचा धनी जॅगर, पाहणारा रिचर्ड्स. पुढच्या वर्षी, १२ जुलै १९६२ रोजी, लंडनच्या मार्की क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. त्याआधी ब्रायन जोन्स जाहिरातीसाठी दूरध्वनीवर बोलत असता पलीकडून वृंदाचे नाव विचारले गेले, नाव तर ठेविलेच नव्हते, आणि जमिनीवर पडलेल्या मडी वॉटर्सच्या तबकडीवर नजर जाऊन त्याने गाण्याचे नाव सांगून टाकले, अशी हकीकत रिचर्ड्स सांगतो.

गोऱ्या इंग्रज पोरांनी काळ्या अमेरिकन मजुरांचे संगीत उचलले आणि त्यावर अमाप पैसा केला, असा आक्षेप त्यांच्यावर आहे. तो खोटा नाही. पण एवढे नोंदविले पाहिजे की, त्यांनी उगम लपविला नाही. १९६४ साली ते शिकागोस जाऊन चेसच्याच स्टुडिओत गायले. १९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात त्यांना निमंत्रण आले तेव्हा हाउलिन वुल्फ या ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायकालाही बोलवा, असा त्यांनी आग्रह धरला आणि स्वतः त्याच्या पायाशी बसून ऐकले. २२ नोव्हेंबर १९८१ रोजी शिकागोच्या एका लहानशा क्लबात मडी वॉटर्स गात असता ही मंडळी जाऊन बसली आणि त्याच्याबरोबर गायली. दीड वर्षाने, ३० एप्रिल १९८३ रोजी, तो गेला. अमेरिकेला आपल्याच अंगणातले गाणे परदेशी पोरांकडून कळावे, ही तेथील लोकांना भूषणाची गोष्ट की नामुष्कीची, ते त्यांनी ठरवावे.

ज्या गाण्यावरून नाव घेतले ते गाणे स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेत म्हणण्यास या वृंदास एकसष्ट वर्षे लागली. म्हटले तेही सर्वांत शेवटी, ड्रमवादक गेल्यावर, दोघांनी समोरासमोर बसून. रिचर्ड्सची बोटे संधिवाताने जाड झालेली आहेत. ते लपविण्याचा प्रयत्न नाही. जॅगर माउथ ऑर्गन वाजवितो तो डार्टफर्डच्या पोरासारखा. दोघेही मिसिसिपीचे होण्याचे सोंग करीत नाहीत, आणि लंडनचे राहण्याचा अट्टाहासही नाही.

बाकीची माहिती थोडक्यात. ध्वनिमुद्रिका इंग्लंडात विक्रीत पहिली आली. २०२४ साली या मंडळींनी अमेरिकेचा दौरा केला. त्याची पुरस्कर्ती संस्था होती तेथील निवृत्तांची संघटना. आमच्या पेन्शन विभागाने यातून काही बोध घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट रॉक ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आणि आपल्या देशाशी त्यांचा संबंध विचाराल, तर एप्रिल २००३ मध्ये त्यांचे बंगलोर व मुंबई येथे कार्यक्रम झाले होते. आम्ही तेव्हा मुंबईतच नेमणुकीवर होतो आणि आवाजाचा त्रास नको म्हणून त्या बाजूस फिरकलो नाही.

आता आपल्या सभेविषयी. कार्यकारिणीपुढे दोन सूचना होत्या. एक अशी की, तबलाकाकांच्या १९९४ च्या गणेशोत्सवातील कॅसेटवरचा ठेका लावावा आणि गायकांनी त्यावर गावे. दुसरी अशी की, येथील संगीत विद्यालयात शिकलेल्या, नलबारीकडच्या त्या मुलाला साथीस घ्यावे. त्यावर म्हटले गेले की, त्याला मराठी येत नाही, नाट्यपदांचे वळण ठाऊक नाही, तबलाकाकांनीही कोणाचे नाव सांगून ठेविलेले नाही. आमचे मत कॅसेटच्या बाजूने पडले होते, आणि ते आम्ही जोराने मांडले होते, हे इतिवृत्तात आहे.

या भाषणाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात ती ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकली. चार्लीच्या दोन गाण्यांपाशी थांबलो. त्या मंडळींकडे पैसा आहे, यंत्रे आहेत. मनात आणते तर गेलेल्या माणसाचे जुने ठेके जोडून बारा गाणी उभी करते. त्यांनी त्याची दोनच घेतली, जी त्याने स्वतः वाजविली होती, आणि उरलेल्या जागी जिवंत माणूस बसविला. शिवाय आमच्या ध्यानात आले की, कॅसेटवरचा ठेका गायकाकडे पाहत नाही. गायक थांबला तरी तो पुढे जाणार. तबलाकाकांनी आयुष्यात जे एकदाही केले नाही ते आम्ही त्यांच्याकडून करवून घेणार होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यवाहांना पत्र लिहून आमचे मत परत घेतले. पुढची हकीकत आपण जाणता. तो मुलगा गेले तीन रविवार आमच्या क्वार्टरवर येत आहे. कॅसेट त्याला दिली आहे, शिकण्यासाठी. ‘धुमाळी’ हा शब्द तो असमिया धाटणीने उच्चारतो आणि ठेका जरा जलद धरतो. आमच्या मंडळींपैकी ज्या भगिनी उद्या गाणार आहेत त्यांनी परवा त्याला दोनदा थांबविले, तिसऱ्यांदा थांबविले नाही.

उद्याच्या सभेत शेवटचे एक पद कॅसेटवरच्या ठेक्यावर होईल. तबलाकाकांच्या जागेवर त्या वेळी नुसता तबला ठेवलेला असेल. बाकीची सारी पदे या मुलाच्या साथीने. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे, आमच्या भाषणातले त्याला कितपत समजले देव जाणे.

चहा साडेसातला आहे. तोवर ‘लिव्ह बाय द सोर्ड’ आणि त्यामागून ते शेवटचे गाणे लावतो. हे दुसरे पुरते तीन मिनिटांचेही नाही. पहिल्यात आवाज मोठा आहे, मागे बसलेल्या ज्येष्ठांनी क्षमा करावी. आणि ड्रमचा घाव पडेल तेव्हा झांजेकडे लक्ष ठेवावे, एवढीच विनंती.